झिलई, मुलामा आणि कल्हई

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवताना वर्गात मी एक खेळ हमखास घेते. फळ्यावर तीन शब्द लिहायचे : झिलई, मुलामा, कल्हई. मुलांना विचारायचे, यातले मराठी कोणते आणि उर्दू कोणते? अर्धा वर्ग एक सांगतो, अर्धा दुसरेच. मग कळते की तिन्ही शब्द मुळात अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेने ते आले आणि मराठीत असे रुळले, की आज कोणत्याच घरात ते परके वाटत नाहीत. 'जिला' म्हणजे चकाकी, तिची आपण झिलई केली. 'मुलम्मा'चा मुलामा झाला. 'कलई' म्हणजे कथील, तिची कल्हई झाली.

तिघांचे अर्थ मात्र वेगवेगळे आहेत. झिलई म्हणजे धातूची स्वतःची चकाकी घासून वर आणणे. मुलामा म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणे. कल्हई म्हणजे अन्न कळकू नये म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथील लावणे. पहिल्यात वरून काही येत नाही. दुसऱ्यात रूप बदलते. तिसऱ्यात खाणाऱ्याचे पोट सांभाळले जाते. या महिन्यात या तीन शब्दांची आठवण निघाली, ती एका जुन्या फियाट गाडीमुळे.

इंदापूर तालुक्यातून एका वाचक भगिनीचा फोन आला. त्यांच्या सासऱ्यांची १९७२ सालची फियाट अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षे उभी आहे. सासरे फिटर होते. पैसे साठवून त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने सांभाळली. आता नातीचा निकाह ठरला आहे. नातवाचा हट्ट असा, की बहिणीची रुखसती दादांच्या गाडीतूनच व्हावी. बारामतीच्या एका मिस्त्रीने इंजिन चालू करून दिले. बाहेरचा रंगही बरा आहे. आत मात्र दारांची हँडले, डॅशबोर्डवरची पट्टी, हॉर्नची रिंग, सगळे काळपट आणि ठिपकेदार झालेले. शहरातल्या एका दुकानदाराने फोनवरचे फोटो पाहूनच निकाल दिला : सगळे काढून आणा, सगळ्याला नवे क्रोम करून देतो, ४५,००० रुपये होतील.

"आपा, लग्नाचे घर आहे. पैसा मोजून आहे," त्या म्हणाल्या. "मुलाला नाही म्हटले तर त्याला वाटते, दादांची कदर नाही. हो म्हटले तर लेकीच्या लग्नातला पैसा पट्ट्यांवर जातो. तुमच्या मामूंचे गॅरेज होते ना, म्हणून तुम्हाला विचारते."

हा प्रश्न त्यांच्या एकट्या घरचा नाही. कोणाकडे अब्बांची स्कूटर आहे, कोणाकडे नानीचे शिलाई मशीन, कोणाकडे जुन्या कपाटाची नक्षीदार मूठ. वस्तू काळी पडली की आपल्याकडे दोनच विचार सुचतात : भंगारात घाला, नाहीतर नवी दिसेल असे काहीतरी करा. या दोहोंच्या मधे बरेच काही करता येते. ते कसे, हे या फियाटच्या निमित्ताने सविस्तर सांगते.

आजोळी उभी असलेली गाडी

बारामतीहून इंदापूरकडे निघाले, की भवानीनगर आणि सणसर मागे पडते आणि पुढे जंक्शनला वालचंदनगरचा फाटा लागतो. या गावाला ज्यांचे नाव आहे ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापूरला जन्मले. १९३० च्या दशकात त्यांनी इथे कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. याच वालचंदशेठनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना झाला. १९४७ साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मदतीने जोडलेल्या पहिल्या गाड्या तिथून बाहेर पडल्या. नंतर इटलीच्या फियाटशी नाते जुळले. १९५० च्या दशकातल्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. १९६४ पासून नवी, चौकोनी अंगाची फियाट ११०० आली आणि १९७४ च्या सुमारास तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले.

म्हणजे कुर्ल्यात जन्मलेली ही गाडी वालचंदनगरच्या परिसरात उभी आहे, ती एका अर्थी आजोळीच उभी आहे. २००० च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता नवा सुटा भाग मिळणे अवघड आहे. जो तुकडा आपल्या गाडीत आहे, तो सांभाळणे हाच सरळ मार्ग.

पैले पिछानो

माझे मामू बारामतीत गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करायचे. त्यांच्या खिशात पेनाशेजारी जुन्या स्पीकरमधून काढलेले एक छोटे लोहचुंबक असायचे. गिऱ्हाईक काहीही सांगो, मामू आधी चुंबक लावून पाहायचे. "पैले पिछानो, फिर घिसो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. धातू न ओळखता घासणारा मिस्त्री आणि नाडी न पाहता गोळी देणारा डॉक्टर त्यांच्या लेखी सारखेच होते.

गाडीच्या आतली प्रत्येक चकचकीत वस्तू आपल्याला सारखीच दिसते. सगळ्याला आपण सरसकट 'क्रोम' म्हणतो. प्रत्यक्षात एका जुन्या गाडीच्या आत पाच-सहा प्रकारचे धातू असतात आणि प्रत्येकाची तब्येत निराळी. एका रविवारी मी त्या घरी गेले. नवरी मुलगी, तिचा भाऊ आणि मी असे तिघांनी बसून छत्तीस तुकड्यांची वर्गवारी केली. ती अशी करायची.

चुंबक चिकटले, तर तुकडा पोलादाचा. आता त्याची मागची बाजू पाहा. मागे गंज किंवा मळकट करडेपणा असेल, तर ते मुलामा दिलेले पोलाद. पुढून-मागून रंग एकच असेल, तर ते स्टेनलेस स्टील. स्टीलचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात, काही चिकटत नाहीत, म्हणून मागची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय नको.

चुंबक चिकटले नाही आणि तुकडा हाताला जड लागला, तर तो पितळेचा किंवा जस्ताचा. पितळ असेल तर मागे एखाद्या ओरखड्यात पिवळे दिसते. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला तुकडा मागून करडा असतो आणि त्यावर साच्याच्या खुणा किंवा उठावाचे आकडे असतात. काच वर-खाली करायची हँडले, दाराची कडी, त्रिकोणी काचेची खिट्टी असे वेडेवाकडे आकार बहुधा जस्तात ओतलेले असतात, कारण जस्त कमी उष्णतेला वितळते आणि साच्याचा कोपरान्‌कोपरा भरते.

चिकटले नाही आणि तुकडा हलका लागला, तर ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक. ॲल्युमिनियम बोटाला गार लागते, प्लास्टिक लागत नाही. प्लास्टिकवरची चंदेरी झाक एकदा घासली गेली की परत येत नाही. त्याला फक्त ओल्या मऊ कापडाने पुसायचे, बाकी काही नाही.

आमची मोजणी अशी निघाली : मुलामा दिलेले पोलाद ११, जस्त ९, पितळ ६, स्टेनलेस स्टील ४, ॲल्युमिनियम ४, प्लास्टिक २. दुकानदार या सर्वांना एकच टाकी दाखवायला निघाला होता.

धुणे हे अर्धे काम

काही काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवा. हॉर्नच्या रिंगेत आणि डॅशबोर्डमागे विजेच्या तारा असतात. मग प्रत्येक भागाचा जागेवरच फोटो घ्या. स्क्रू अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवा, प्रत्येक खळग्यात एकाच भागाचे, आणि शेजारी चिठ्ठी. काचेचे हँडल पिनेने किंवा स्प्रिंगच्या क्लिपने अडकवलेले असते. हिसका मारला तर जस्ताचे हँडल मोडते, कारण हा धातू वाकत नाही, तुटतो. स्पीडोमीटरभोवतीचे कडे घरी उकलू नका. ते दुमडून बसवलेले असते आणि आत नाजूक यंत्र असते. जे निघत नाही ते जागेवरच साफ करायचे. त्याच्या कडेच्या रंगावर आणि रेक्झिनवर मास्किंग टेप लावून घ्यायची.

मग कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब, जुना दात घासायचा मऊ ब्रश आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या. तेलकट चिकटा असेल तर कापडाच्या टोकाला थोडे रॉकेल. आमच्या भागात गाळप हंगामात उसाच्या चिपाडाची काजळी उडून येते, ती खाचांमध्ये बसून वर्षानुवर्षे ओल धरते. त्या घरचे बरेचसे 'काळे पडलेले' भाग धुतल्यावरच उजळले. काळपटपणा धातूचा नव्हता, मळाचा होता. नवरदेवाच्या भावी मेहुण्याचा चेहरा तिथेच निम्मा खुलला.

धुतलेले तुकडे पूर्ण कोरडे करा. खाचेत पाणी राहिले तर तेच उद्या गंज आणते.

ज्याचा त्याला इलाज

मुलामा दिलेले पोलाद. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो, ती बरीचशी खालच्या निकेलची असते. क्रोमचा थर फार पातळ, साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आत-बाहेर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल खाली उतरते आणि पोलाद गंजते, तोच गंज तपकिरी ठिपका होऊन वर येतो. हा ठिपका काढायला डबा गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या, बोळा करा, साध्या पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, म्हणून गंज निघतो आणि क्रोमवर ओरखडा उठत नाही. नंतर क्रोमसाठी मिळणारे पॉलिश अगदी थोडे, मऊ सुती कापडावर. जिथे क्रोम झिजून गेले आहे तिथे जोर लावून ते परत येणार नाही, उलट निकेलही जाईल.

जस्त. हा सर्वांत नाजूक रुग्ण. मुलाम्याखाली ओल गेली की जस्ताला पांढरी भुकटी धरते आणि वरचा थर फोडासारखा फुगतो. फोड नसेल तर पॉलिशचा हलका हात पुरतो. फोड असेल तर तो खरवडू नका, कारण आत खड्डा आहे आणि खड्ड्याला झिलई होत नाही. असा तुकडा एकतर आहे तसा स्वच्छ करून ठेवायचा, नाहीतर नवा मुलामा द्यायला पाठवायचा.

ॲल्युमिनियम. दाराखालच्या उंबऱ्याच्या पट्ट्या आणि काही शोभेच्या पट्ट्या याच्या असतात. गृहिणींना हा धातू चांगला ठाऊक आहे. खाऱ्या पाण्याने कुकर आतून काळा होतो आणि चिंच किंवा लिंबाची साल टाकून उकळले की उजळतो, तोच हा. गाडीच्या पट्टीवर मात्र बहुधा एक कठीण, पारदर्शक संरक्षक थर कारखान्यातच चढवलेला असतो. त्याला ॲनोडाइझ केलेले म्हणतात. तो आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण : लपलेल्या कोपऱ्यात पॉलिशने घासून पाहा. कापड काळे झाले तर धातू उघडा आहे, त्याला झिलई येईल. कापड पांढरेच राहिले तर वर थर आहे. त्याला धुवा, मेणाचा हात द्या आणि थांबा. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लावले तर तो थर खाल्ला जातो.

स्टेनलेस स्टील. यात वर-खाली एकच धातू असतो, त्यामुळे इथे हात मोकळा सोडता येतो. खोल ओरखडे असतील तर रंगाऱ्याकडचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरा : आधी ६०० नंबरचा, मग १०००, मग २०००. पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच घासा. गोल गोल घासले तर ते गोल उन्हात दिसतात. शेवटी पॉलिश.

पितळ. यावर मुलामा शाबूत असेल तर त्याला मुलाम्याचेच पथ्य. मुलामा नसेल आणि मूळ पितळ उघडे असेल, तर आपली घरातली चिंच किंवा पितांबरी चालते. पण पितांबरी डबा उघडलाच आहे म्हणून शेजारच्या क्रोमला आणि ॲल्युमिनियमलाही लावायची नाही. ती पितळ-तांब्यासाठी आहे. भांडी घासायची तारेची घासणी गाडीच्या आसपासही नको.

आणि शौचालय धुवायचे ॲसिड तर मुळीच नको. 'एका मिनिटात चकाचक' असे व्हिडिओ मुले पाहतात. ॲसिडने गंज जातो हे खरे, पण जस्त विरघळते, मुलाम्याखालची पकड सुटते आणि त्याच्या वाफेने शेजारचे चांगले तुकडेही गंजतात. त्यात कोणी ब्लीच मिसळले तर विषारी वायू निघतो. लग्नघरी असला प्रयोग नको.

सगळे झाल्यावर खाचेत अडकलेले पॉलिश दातकोरणीने काढा आणि गाडीच्या रंगाला लावतात ते मेण अगदी पातळ लावून कोरड्या कापडाने पुसून घ्या. धातू आणि दमट हवा यांच्यामधे हा पडदा राहतो. कल्हईसारखेच त्याचे काम आहे, संरक्षणाचे. दर पावसाळ्याआधी एकदा हा हात दिला तर पुढे पॉलिशची फारशी गरजच पडत नाही. पॉलिश म्हणजे शेवटी धातूच खरवडणे. ते जितके कमी वेळा, तितके धातूचे आयुष्य जास्त.

मुलाम्याची किंमत कोण देतो

आता दुकानदाराच्या टाकीविषयी. नवा मुलामा देणे हे सोपे काम नाही. जुना थर उतरवायचा, तुकडा चाकावर घासून गुळगुळीत करायचा, खड्डे भरायचे, मग तांबे, मग निकेल, शेवटी क्रोम. घासताना कडा बोथट होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात. जस्तावर तांब्याचा पहिला थर धरावा म्हणून बऱ्याच ठिकाणी सायनाइडचे द्रावण वापरतात. क्रोमच्या टाकीत क्रोमिक ॲसिड असते. त्यातले सहा-संयुजी क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे सिद्ध झालेले आहे. या टाकीचा वाफारा रोज नाकात गेला तर नाकाच्या आतला पडदा झिजून त्याला भोक पडते. हातावर पडलेल्या जखमा लवकर भरत नाहीत. बफिंगच्या चाकावर धातूची धूळ उडते, आणि चाकाने पट्टी खेचली तर ती अंगावर येते. सैल बाही किंवा हातमोजा चाकात सापडला तर बोटे जातात.

या टाक्यांपाशी आणि चाकांपाशी कोणाच्या घरची मुले उभी असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. वर्गातून मध्येच गळालेली, 'काम शिकतो' म्हणून गेलेली आपलीच मुले तिथे असतात. म्हणून मुलामा देऊच नये, असे मी म्हणत नाही. तो हुन्नर आहे, त्यावर घरे चालतात. पण जिथे झिलईने भागते तिथे मुलामा मागू नये. आणि जिथे मुलामा लागतोच, तिथे दुकान निवडताना भावाच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : टाकीवर वाफ ओढून घेणारा पंखा आहे का, आणि कामगारांच्या हातात मोजे, नाकावर योग्य मास्क आहे का. सांडपाणी कुठे सोडता, हेही विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की मालकाला उत्तर शोधावे लागते.

हिशोब

त्या घरच्या छत्तीस तुकड्यांपैकी एकोणतीस घरीच उजळले. तीन हँडले फोड आलेली होती, ती मुलाम्याला दिली. चार तुकडे आहेत तसेच ठेवले. सामानाला म्हणजे पॉलिश, मेण, टेप आणि वॉटर पेपरला ९४० रुपये लागले. तीन हँडलांच्या मुलाम्याला ३,६००. एकूण ४,५४० रुपये आणि चार रविवार. घासायला कापड होते सासूबाईंच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती ओढण्यांचे. धातू ओळखण्यात नवरी मुलगी भावापेक्षा सरस निघाली. तिने उंबऱ्याच्या चारही पट्ट्या मेंदीच्या आधीच उरकून घेतल्या.

चार तुकडे तसेच का ठेवले, यावर घरात थोडी वादावादी झाली. त्यातला एक हॉर्नच्या रिंगेचा. तिच्या उजव्या बाजूला, जिथे दादांचा अंगठा असायचा, तिथे क्रोम पूर्ण झिजून खालचे निकेल उघडे पडले आहे. निकेलची झाक जरा पिवळसर, उबदार असते. नातू म्हणाला, हिला तरी नवे करू, डोळ्यासमोर असते. आई म्हणाली, "नवे करून ही जागा शोधणार कुठे?" त्यावर कोणी काही बोलले नाही. रिंग धुऊन, मेण लावून परत बसवली.

मात्र मी त्या भगिनींना सर्वांत आग्रहाने सांगितले ते निराळेच होते. वाचलेला पैसा न चमकणाऱ्या भागांना द्या. या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. अकरा वर्षे उभ्या गाडीच्या ब्रेक सिलिंडरमधले रबर कडक होते, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकतात. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी बाजूंना भेगा असतात. चकाकणाऱ्या हँडलाकडे पाहून कोणालाही वाटेल की गाडी ठणठणीत आहे. उर्दूत 'कलई खुल गई' म्हणतात, ते नवरी आत बसलेली असताना घाटात किंवा उतारावर व्हायला नको. त्यांनी मिस्त्रीकडून ब्रेकचे सगळे रबर, नळ्या आणि चार टायर बदलून घेतले. तरीही दुकानदाराने सांगितलेल्या रकमेतून पैसे उरले.

कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची. खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे झाली की ती पुन्हा करावी लागते. विमा आणि पीयूसी हवीच. ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी फिरवता येत नाही. आपल्याला गाडी कशासाठी हवी आहे हे आधी ठरवून, मगच आरटीओत विचारणा करावी.

आणि पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर कोणत्या तुकड्याला मुलामा दिला, पत्र्याला कुठे आतून गंज आहे, हे घेणाऱ्याला स्वतःहून सांगा. वर कोरडे धान्य आणि खाली ओले, हा बाजारातला प्रकार आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि त्याविषयी काय सांगितले गेले आहे तेही. झिलई केलेल्या गाडीला ते लागू होत नाही असे कोणी समजू नये.

ज्या घरी अशी एखादी वस्तू पडून असेल, त्यांनी या सुट्टीत मुलांच्या हातात पॉलिश देण्याआधी एक चुंबक द्यावे. स्वयंपाकघरातली भांडी, कपाटाच्या मुठी, सायकलची घंटा, दाराची कडी, प्रत्येकाला लावून पाहायला सांगावे आणि वहीत तीन रकाने आखून लिहून घ्यावे : चिकटले, जड, हलके. विज्ञानाच्या पुस्तकातला धातूंचा धडा त्यांना मग पाठ करावा लागणार नाही.

पुढच्या अंकात शिलाई मशीनचे तेलपाणी आणि तिच्यावरच्या सोनेरी चित्रांची निगा. ज्यांच्याकडे जुन्या मशीन आहेत त्यांनी आपले प्रश्न मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावेत.